सुरीपासून तव्यापर्यंत

सामान्यज्ञानाच्या स्पर्धांमध्ये हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : स्टेनलेस स्टीलचा शोध कोणी लावला? उत्तर ठरलेले. हॅरी ब्रिअर्ली, शेफील्ड, १९१३. त्याच्या जोडीला एक गोष्टही सांगितली जाते. ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधत होता. जमले नाही म्हणून नमुने आवारातल्या भंगारात टाकून दिले. काही महिन्यांनी पाहतो तर गंजलेल्या ढिगात एक तुकडा चकचकीत! गोष्ट मुलांना फार आवडते. पण ब्रिअर्लीने स्वतः जी हकीगत सांगितली, ती वेगळी आहे. शिवाय लोखंडात क्रोमियम मिसळले तर काय होते हे पाहणारी माणसे त्याच्या आधी जवळजवळ शंभर वर्षे होऊन गेली होती. पदार्थ हातात होता, तो काय आहे हे कळत नव्हते. हा उशीर का झाला, हा प्रश्न आम्हाला 'कोणी लावला' या प्रश्नापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. त्याच्या पुढचा एक प्रश्न स्वयंपाकघरातला आहे. हे पोलाद जेवणाच्या सुरीसाठी नावारूपाला आले. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत ते धातूंच्या वर्गात अगदी शेवटच्या बाकावर बसते. मग ते शेगडीवरच्या पॅनमध्ये कसे आले, आणि आल्यावर त्याच्याशी कसे वागावे?

क्रोमियम हे मूलद्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ याने १७९७ मध्ये सायबेरियातून आलेल्या एका तांबड्या खनिजात शोधले. त्याची संयुगे नाना रंगांची, म्हणून रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. पुढच्या पंचवीस वर्षांतच ते पोलादात मिसळून पाहिले गेले, आणि त्यामागे आपल्याकडचा एक धागा आहे. दक्षिण भारतात बनणाऱ्या 'वूट्झ' पोलादाचे गट्टे तेव्हा इंग्लंडमध्ये पोचले होते. लंडनचा जेम्स स्टोडार्ट हा सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारा कारागीर त्या पोलादाच्या प्रेमात होता. हे पोलाद इतके चांगले का, त्यात काय मिसळलेले असते, हे शोधायला त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या एका तरुणाला बरोबर घेतले. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरडे. विजेवरच्या कामाने जग त्याला ओळखण्यापूर्वीची ही गोष्ट. दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम आणि क्रोमियमही मिसळून पाहिले, आणि १८२० व १८२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, १८२१ मध्ये, फ्रान्समध्ये पिएर बेर्तिए याला लोखंड आणि क्रोमियमच्या मिश्रधातूवर आम्लांचा परिणाम कमी होतो असे दिसले. याच्या सुऱ्या कराव्यात अशी सूचनाही त्याने केली. म्हणजे ब्रिअर्लीच्या ब्याण्णव वर्षे आधी!

मग अडले कुठे? पहिली अडचण कार्बनची. त्या काळी क्रोमियम मिळवायचे ते त्याचे खनिज कोळशाबरोबर तापवून. अशा क्रोमियममध्ये कार्बन भरपूर येई. कार्बन फार झाला की पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. शिवाय कार्बन आणि क्रोमियम यांची घट्ट मैत्री असल्याने बरेचसे क्रोमियम कार्बाइडच्या कणांमध्ये अडकून पडते आणि गंजापासून रक्षण करायला मोकळे उरत नाही. ही अडचण १८९० च्या दशकात सुटली. जर्मनीत हान्स गोल्डश्मिट याने कोळशाऐवजी ॲल्युमिनियमची पूड वापरून ऑक्साइडमधून धातू मोकळा करण्याची रीत काढली. रेल्वेचे रूळ जोडताना वापरतात ती थर्मिट प्रक्रिया हीच. तिच्यामुळे जवळजवळ कार्बनविरहित क्रोमियम मिळू लागले.

दुसरी अडचण मात्र भट्टीतली नव्हती, ती प्रयोगाच्या आखणीतली होती. वर्गात सांगण्याजोगी आहे म्हणून जरा थांबतो. १८९२ मध्ये रॉबर्ट हॅडफील्ड या शेफील्डच्याच नामवंत धातुशास्त्रज्ञाने लोखंड आणि क्रोमियमच्या मिश्रधातूंचा पद्धतशीर अभ्यास केला. गंजण्याची कसोटी म्हणून त्याने ५० टक्के सल्फ्युरिक आम्ल निवडले. तर्क सरळ होता. जे इतक्या जहाल आम्लात टिकेल ते पावसापाण्यात टिकेलच. प्रयोगात उलटेच दिसले. क्रोमियम जास्त तसे पोलाद अधिक झिजले. निष्कर्ष निघाला की, क्रोमियममुळे पोलादाची गंजरोधकता घटते! निरीक्षण खोटे नव्हते. पण स्टेनलेस पोलाद टिकते ते त्याच्या पृष्ठभागावर आपोआप धरणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडच्या थरामुळे. हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दहाबारा अणूंएवढा. ओरखडा पडला तरी हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन मिळताच तो पुन्हा धरतो. हॅडफील्डने निवडलेल्या आम्लात तो थर टिकूच शकत नव्हता. नायट्रिक आम्ल घेतले असते तर चित्र पालटले असते, कारण ते ऑक्सिडीकारक आहे, थराला मारण्याऐवजी पोसते. 'सर्वांत कठीण परीक्षा हीच सर्वांत चांगली परीक्षा' हा समज आपल्या शिक्षणातही खोल रुजलेला आहे. त्याने एका अख्ख्या उद्योगाला काही वर्षे चकवले.

त्यानंतरही गंमत संपत नाही. १९०४ च्या सुमारास लिऑन गिये या फ्रेंच संशोधकाने आजच्या स्टेनलेस पोलादाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारे मिश्रधातू बनवले, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना बारकाईने तपासली, कठीणपणा मोजला. ते गंजत नाहीत, हे मात्र त्याने नोंदवले नाही. तो ते शोधत नव्हता. अखेर जर्मनीत आखेन येथे बोर्शर्स आणि त्याचा विद्यार्थी मोनार्ट्झ यांनी हा गुंता सोडवला. मोनार्ट्झने १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्रोमियम एका मर्यादेपलीकडे गेले आणि कार्बन कमी ठेवला की पोलाद 'निष्क्रिय' बनते हे स्पष्ट मांडले. ती मर्यादा आज साधारण १०.५ टक्के मानतात.

आता ब्रिअर्ली. त्याचे वडील शेफील्डच्या कारखान्यात मुशीतले पोलाद वितळवण्याचे काम करीत. हॅरीने बाराव्या वर्षी शाळा सोडली आणि पुढे एका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याच्या कामाला लागला. रसायनशास्त्र तो तिथेच आणि रात्री अभ्यास करून शिकला. १९०८ मध्ये ब्राउन फर्थ संशोधन प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. १९१२ मध्ये बंदुका बनवणाऱ्यांचे एक गाऱ्हाणे त्याच्याकडे आले : गोळीमागच्या तप्त वायूंनी नळ्या आतून झिजतात. त्याने क्रोमियमची मात्रा वाढवत पोलादाचे घाण ओतायला सुरुवात केली. १३ ऑगस्ट १९१३ च्या घाणात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता.

सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाची रचना पाहायची तर आधी पृष्ठभाग आरशासारखा घासून, त्यावर सौम्य आम्ल लावून तो किंचित कोरावा लागतो. हे पोलाद कोरलेच जाईना. त्याच्या हकीगतीतला 'तो क्षण' हा आहे. ज्याने आयुष्यभर असे शेकडो तुकडे कोरले, त्यालाच 'कोरले जात नाही' ही बातमी वाटते. दुसरा कोणी आम्ल जुने झाले म्हणून बाटली बदलून मोकळा झाला असता. ब्रिअर्लीने पुढे लिंबाचा रस आणि व्हिनेगर लावून पाहिले. शेफील्ड हे सुऱ्यांचे गाव. जेवणाच्या पोलादी सुऱ्या आंबट लागताच काळ्या पडत, रोज घासूनपुसून ठेवाव्या लागत, हे तिथल्या पोरालाही ठाऊक. नळ्यांचे काम बाजूला राहिले आणि तो सुऱ्यांच्या मागे लागला.

सुऱ्या करणाऱ्यांनी आधी त्याला उडवून लावले. हे पोलाद नेहमीच्या तापमानाला ठोकता येईना, नीट पाणी देता येईना. 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधक' अशी त्याची थट्टा झाली. शेवटी मोस्ले यांच्या कारखान्यातला व्यवस्थापक अर्नेस्ट स्टुअर्ट याने मनावर घेतले. तापमान बदलत बदलत सुऱ्या घडवल्या, व्हिनेगरमध्ये ठेवून पाहिल्या, आणि त्यानेच त्यांना 'स्टेनलेस', म्हणजे डाग न पडणारे, हे नाव दिले. ब्रिअर्लीचा स्वतःचा शब्द 'न गंजणारे' असा होता. मालकी हक्कावरून मालकांशी बिनसले आणि १९१५ मध्ये तो नोकरी सोडून गेला. तिकडे अमेरिकेत एलवुड हेन्स या मोटारींच्या कारखानदाराने तशाच पोलादाच्या पेटंटसाठी १९१२ मध्येच अर्ज केला होता. एका माणसाचे नाव ठोकून देणे किती अवघड आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आणि आपल्या पॅनचा पूर्वज तर या सुरीच्या घराण्यातला नव्हेच. ब्रिअर्लीचे पोलाद कठीण होते, धार धरणारे. त्याचा पत्रा साच्यात दाबून खोल भांडे करू गेले तर फाटायचा. भांड्याचे पोलाद आले जर्मनीतल्या एसेनहून. क्रुप कारखान्यात बेन्नो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी क्रोमियमबरोबर निकेलही मिसळले, आणि क्रुपने १९१२ मध्ये त्याचे पेटंट मागितले. निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची मांडणीच बदलते. पोलाद मऊ, चिवट, हवे तसे ओढता येणारे बनते, आणि चुंबकाला चिकटत नाही. १९२४ मध्ये ब्रिअर्लीचा वारस विल्यम हॅटफील्ड याने १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल हे प्रमाण पक्के केले. भांड्याच्या तळावर दिसणारे '१८/८' हे अपूर्णांक नव्हेत, ही त्याचीच सही आहे. '१८/१०' म्हणजे निकेल थोडे अधिक, '१८/०' म्हणजे निकेल नाही.

आपल्याकडे तेव्हा पितळेचे राज्य होते. पितळी पातेल्यात आंबट ठेवले तर ते कळकते. ताक कळकले, आमटी कळकली, हा शब्दच त्या अनुभवातून आलेला. म्हणून आतून कल्हई. पण कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. पाण्याची आमटी १०० अंशांच्या फारशी वर जात नाही, तोवर ठीक. कोरडे परतणे, खरपूस तळणे त्या भांड्यात धोक्याचे. म्हणून तळायला लोखंडी कढई, भाजायला लोखंडी तवा अशी वाटणी होती. ती अंधश्रद्धा नव्हती, तिच्यामागे अनुभवाचे धातुशास्त्र होते. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत स्टेनलेस घरात शिरले ते ताट, वाटी, पेला आणि डबे होऊन. जुन्या जरीच्या साड्या बोहारणीला देऊन घासाघीस करून घेतलेले, वर नाव कोरलेले डबे अनेक वाचकांच्या घरी अजून असतील. चुलीवर मात्र ते बिचकतच चढले, आणि त्यालाही कारण आहे.

उष्णतावाहकतेचे आकडे पाहा. एकाच एककात (वॉट प्रति मीटर प्रति केल्विन) तांबे सुमारे ४००, ॲल्युमिनियम सुमारे २३५, पितळ ११० ते १२०, बिडाचे लोखंड ५० च्या आसपास आणि १८/८ स्टेनलेस फक्त १५. शुद्ध धातूत इलेक्ट्रॉन मोकळेपणाने धावतात आणि उष्णता वाहतात. इथे लोखंडाच्या रांगेत जागोजाग निकेल आणि क्रोमियमचे अणू बसवलेले असल्याने त्यांना पावलोपावली ठेच लागते. जे मिश्रण गंजापासून वाचवते, तेच उष्णतेची वाट अडवते. परिणाम असा की, नुसत्या पातळ स्टीलच्या पॅनमध्ये ज्योतीच्या वर्तुळावर कांदा करपतो आणि मध्ये व कडेला कच्चा राहतो.

हे प्रयोगाने दाखवता येते. पॅनमध्ये कणकेचा पातळ, एकसारखा थर चाळणीने पसरा आणि मंद आचेवर ठेवा. जिथे तापते तिथे कणीक आधी तांबूस होते, आणि काही मिनिटांत तळाचा उष्णतेचा नकाशा तयार होतो. एक नुसत्या पत्र्याचा, एक जाड तळाचा आणि एक बिडाचा तवा, असे तीन नकाशे शेजारी ठेवले की आकड्यांची वेगळी समजूत घालावी लागत नाही. धूर होण्याआधी आच बंद करावी, एवढे पथ्य.

या दोषावरचा उपाय म्हणजे धातूंचे लग्न. अमेरिकेत १९३९ मध्ये 'रेव्हिअर वेअर' ही भांडी बाजारात आली. अंग स्टेनलेसचे आणि बुडाला बाहेरून तांब्याचा थर. पुढे बुडाला ॲल्युमिनियमची जाड चकती आणि तिच्याखाली पुन्हा स्टीलचे कवच अशी रचना रूढ झाली. जॉन उलम हा पेनसिल्व्हेनियातला धातुतज्ज्ञ वेगवेगळ्या धातूंचे पत्रे एकमेकांत घट्ट जोडण्यात वाकबगार होता. १९६७ मध्ये त्याने त्यासाठी कंपनी काढली, आणि पुढे त्यातूनच 'ऑल-क्लॅड' हे नाव आले. त्याच्या भांड्यात ॲल्युमिनियमचा थर नुसता बुडाला नव्हता, कडेपर्यंत गेलेला होता. आज आपल्या बाजारात 'ट्रायप्लाय' म्हणून मिळते ते हेच : आत अन्नाला लागणारे १८/८, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर चुंबकाला चिकटणारे निकेलविरहित स्टेनलेस. बाहेरचा थर तसा घेण्याचे कारण इंडक्शनची शेगडी, तिला चुंबकीय तळ लागतो.

दुकानात गेल्यावर खिशात एक लहान चुंबक असावा. आपले एक रुपयाचे नाणे त्याला चिकटते, कारण ते निकेल नसलेल्या क्रोमियम पोलादाचे आहे. पॅनच्या आतल्या बाजूचे पोलाद १८/८ असेल तर ते स्वतः चिकटत नाही. पण खालचा चुंबकीय थर आतूनही ओढतो, त्यामुळे ट्रायप्लायमध्ये ही परीक्षा फसवी आहे. ती साध्या पातेल्यावर करावी. तिथेही दोन खाचा आहेत. पत्रा खोल ओढताना कोपऱ्यांवर ताण पडून अस्सल १८/८ सुद्धा तेवढ्यापुरते किंचित चुंबकीय होते. आणि निकेल महाग म्हणून त्याच्या जागी बरेचसे मँगनीज घातलेले '२००' मालिकेचे पोलाद, जे आपल्याकडच्या भांड्यांत फार वापरले जाते, तेही चिकटत नाही. मिठाशी मात्र ते १८/८ इतके झुंज देत नाही. चुंबक 'हे काय नाही' एवढेच सांगतो. त्यापेक्षा आम्ही वजनाला आणि कडेला महत्त्व देतो. हातात जड लागणारा, तळ सपाट असलेला, दांडा रिव्हेट मारून पक्का केलेला पॅन घ्यावा. कडेला थरांची रेघ दिसली तर ॲल्युमिनियम वरपर्यंत आहे. बुडाच्या किंचित वर एक पायरी दिसली तर फक्त चकती आहे. पोळी उलथण्यापुरते काम असेल तर चकतीही पुरे.

आता चिकटण्याची तक्रार. थंड पॅनमध्ये तेल, त्यावर लगेच अंडे किंवा मासा टाकला तर तो तळाला धरून बसणारच. प्रथिनांचे रेणू तापताना उलगडतात आणि धातूच्या पृष्ठभागावरच्या ऑक्साइडला बिलगतात. पॅन आधी पुरेसा तापलेला असेल तर अन्नाचा खालचा पापुद्रा चटकन घट्ट होतो, निघणारी वाफ त्याला वर उचलून धरते आणि मध्ये तेलाचा थर टिकतो. 'तापल्यावर धातूची छिद्रे बंद होतात' असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नाही. पोलादाला छिद्रे नसतात. ओरखड्यांना छिद्रे म्हटले तरी गणित करून पाहा. या पोलादाचा प्रसरणांक अंशाला ०.००००१७ आहे. २०० अंशांनी तापवले तर ०.०१ मिलिमीटर रुंदीच्या ओरखड्यात फरक पडेल ०.००००३४ मिलिमीटरचा. त्याच गणिताने २५ सेंटिमीटरचा पॅन मात्र जवळपास ०.८५ मिलिमीटरने फुगतो. म्हणून तापलेला पॅन नळाखाली धरू नये, तळ वाकतो आणि मग कायमचा डुगडुगतो.

पुरेसा तापला हे कसे ओळखायचे? १७५६ मध्ये योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्यकाच्या प्राध्यापकाने लाल तापलेल्या लोखंडी चमच्यात पाण्याचे थेंब टाकले आणि ते आटायला लागणारा वेळ लंबकाने मोजला. फार तप्त चमच्यात थेंब अर्धा मिनिट नाचत राहिला. चमचा निवत गेला तसे पुढचे थेंब मात्र लवकर संपले. तप्त पृष्ठभागाजवळ थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तीच त्याला उष्णतेपासून वाचवते. आपल्या पॅनमध्ये हे साधारण २०० अंशांच्या आसपास घडते. मध्यम आचेवर कोरडा पॅन ठेवावा आणि थोड्या थोड्या वेळाने एकच थेंब टाकावा. आधी तो पसरून चर्र करून आटेल, मग एकदम मोत्यासारखा गोळा होऊन घरंगळेल. पहिला मोती दिसला की पाणी पुसून, आच कमी करून तेल घालावे. उशिरा एकदाच थेंब टाकून पाहण्यात अर्थ नाही, कारण २०० अंशांनाही मोती होतो आणि ३५० अंशांनाही. तेल घातल्यावर मात्र पाण्याची परीक्षा नको, उडेल. आणि नॉनस्टिक पॅन असा रिकामा तापवू नये, त्याचा लेप फार तापला की विघटन पावतो.

मग रव्यात घोळवलेला बांगडा किंवा बटाट्याच्या काचऱ्या टाकाव्यात आणि हात आवरावा. पहिल्या मिनिटाला उलथने घातले तर फाटते. तांबूस पापुद्रा झाला की तुकडा आपण होऊन सुटतो. हा तांबूसपणा म्हणजे प्रथिने आणि साखर यांच्यातली माइयार अभिक्रिया. लुई कामिय माइयार याने तिचे वर्णन केले १९१२ मध्ये, क्रुपच्या पेटंटच्याच वर्षी. तळाला राहिलेली खरवड घासून टाकू नये. वाटीभर पाणी, कोकमाचे आगळ किंवा टोमॅटो घालून ती सोडवली की रस्सा तयार. लोखंडी तव्यात हा आंबट रस्सा काळा पडला असता, पितळेत कळकला असता. स्टेनलेसची खरी कमाई इथे आहे. घावन, धिरडी, थालीपीठ यांच्यासाठी मात्र आम्ही अजूनही जुना, तेल प्यायलेला लोखंडी तवाच काढतो.

वापरात पॅनवर निळसर-सोनेरी छटा येतात. ऑक्साइडचा थर उष्णतेने जाड झाल्यामुळे, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे ते प्रकाशाच्या व्यतिकरणाचे रंग असतात. पांढरे डाग बहुधा जड पाण्यातल्या चुन्याचे. दोन्ही व्हिनेगरने किंवा लिंबाने जातात. न जाणारी गोष्ट एकच. थंड पाण्यात मीठ टाकून तसेच ठेवले तर तळाशी बसलेल्या कणांजवळचे क्लोराइड संरक्षक थराला एखाद्या बिंदूपाशी भेदते, आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. म्हणून पाणी उकळल्यावर मीठ घालून ढवळावे, आणि खारट आमटी किंवा लोणच्याचा खार रात्रभर पॅनमध्ये ठेवू नये.